गर्भाशय-शस्त्रक्रिया आणि आरोग्यातील विषमता : बीडच्या ऊसतोड स्त्रियांचे उदाहरण

दीर्घकालीन व्याधींच्या प्रतिबंधाचा विचार बहुधा आहार, व्यायाम, तंबाखू अशा व्यक्तिगत सवयींपासून सुरू होतो. परंतु मनुष्य ज्या परिस्थितीत श्रम करतो ती परिस्थितीच व्याधीचे मूळ असेल, तर केवळ उपदेशाने प्रतिबंध साधत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे.

बालाघाटच्या डोंगररांगांतील हा जिल्हा अवर्षणप्रवण होय. पावसाळा सरला की येथील हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोडीस जातात. पतिपत्नीच्या जोडीस मिळून ‘कोयता’ हे एकच नाव असून मजुरीचा हिशेबही जोडीचाच होतो. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल काम करून फेडावयाची असते. एका दिवसाचा खाडा पडला तरी दंड बसतो. कोपीजवळ पाणी व शौचालय यांची सोय बहुधा नसते. अशा स्थितीत मासिक पाळी, अंगावरून जाणे वा ओटीपोटातील वेदना या गोष्टी बुडालेल्या मजुरीच्या व वाढलेल्या कर्जाच्या होऊन बसतात.

२०१९ साली राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या चौकशीत आलेल्या सर्वेक्षणानुसार जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. हे प्रमाण सुमारे १७ टक्के, म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एक, असे पडते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांमध्ये ते ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांची रीत भिन्न असल्याने ही तुलना स्थूल मानावी. तथापि इतके अंतर केवळ रीतीच्या भिन्नतेने पडत नाही.

ज्यांना वैद्यकीय सेवेची गरज अधिक त्यांनाच ती कमी मिळते, असा नियम ज्युलियन ट्यूडर हार्ट या वेल्समधील डॉक्टरांनी १९७१ साली मांडला. बीडमध्ये या नियमाची दुसरी बाजू दिसते. औषधोपचाराने बऱ्या होऊ शकणाऱ्या जंतुसंसर्गावर वेळेवर साधा उपचार मिळाला नाही. मिळाली ती कायमची शस्त्रक्रिया, आणि तीही पुष्कळदा कर्ज काढून. म्हणजे विषमता उपचारांच्या अभावात असते, तशीच ती अनावश्यक उपचारांच्या अतिरेकातही असते.

या शस्त्रक्रियेचे परिणाम तेथेच संपत नाहीत. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले गेल्यास रजोनिवृत्ती अकाली व एकाएकी येते. हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजकोश राखले तरी रजोनिवृत्ती काहीशी लवकर येण्याचा संभव असतो. अशा रीतीने तिशीतील निर्णय पन्नाशीतील व्याधीचे कारण ठरू शकतो, आणि मोळी वाहणारा देह तो भार सोसत राहतो.

शासकीय उपाय झाले नाहीत असे नाही. बीडमध्ये खाजगी रुग्णालयांतील अशा शस्त्रक्रियांसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या संमतीचे बंधन घालण्यात आले. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांची अंमलबजावणी करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना दिला. त्याखेरीज रक्तदाब, मधुमेह व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची तिशीपुढील व्यक्तींसाठी तपासणी उपकेंद्रांमार्फत करण्याची राष्ट्रीय योजनाही आहे.

परंतु संमतीचे बंधन शेवटच्या पायरीवर लागू होते, आणि उपकेंद्राची नोंदवही गाव सोडून जात नाही. जिचे निम्मे वर्ष परमुलखातील फडात जाते, तिच्यासाठी तपासणी स्थलांतरापूर्वी व परतल्यावर व्हावयास हवी. तिची नोंद तिच्यासोबत जावयास हवी. आणि फडाजवळ पाणी, शौचालय व साधा औषधोपचार ही कारखान्याची जबाबदारी ठरावयास हवी. आजारपणाचा खाडा दंडास पात्र राहील तोवर स्त्रीची ‘संमती’ कितपत स्वेच्छेची, हा प्रश्न शिल्लकच राहील. आरोग्यधोरणाने मजुरीच्या अटींचाही विचार करणे अगत्याचे आहे, ते याच कारणास्तव.