रावेन्नाचें चित्रवैभव आणि सेनिओकांठचे मराठे

इटली म्हटली कीं रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस हीं तीन नांवें आपल्याकडील सुशिक्षित घरांत सहज ओठांवर येतात. रावेन्ना हें चौथें नांव मात्र क्वचितच ऐकूं येतें. वस्तुतः इ. स. ४०२ मध्यें पश्चिम रोमन साम्राज्याचा बादशहा होनोरियस यानें आपला दरबार हलविला तो याच नगरांत. भोंवतीं दलदल आणि जवळच क्लासे येथील आरमारी बंदर, अशा जागीं शत्रूची धाड सहसा पोंचत नसे. ४७६ मध्यें पश्चिमेचें साम्राज्य लयास गेलें, तरी रावेन्नाचें महत्त्व गेलें नाहीं. प्रथम गॉथ राजा थिओडोरिक यानें (४९३–५२६) तेथून राज्य केलें व ५४० नंतर तें कॉन्स्टॅन्टिनोपलच्या बादशहाचें इटलींतील मुख्य ठाणें झालें. या दीडशे वर्षांत तेथें जीं धर्ममंदिरें उठलीं, त्यांपैकीं आठ वास्तु १९९६ मध्यें युनेस्कोनें जागतिक वारसा म्हणून मान्य केल्या आहेत.

आम्हां तळोदेकरांस, किंबहुना सर्व खानदेशकरांस, या काळाची खूण पटविणें अवघड नाहीं. खानदेशच्या सीमेवर अजिंठ्याच्या डोंगरांत वाकाटक नृपति हरिषेण याच्या कारकीर्दींत, म्हणजे पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत, लेण्यांच्या भिंती चित्रांनीं भरत होत्या. त्याच शतकांत रावेन्नाच्या भिंतीही भरत होत्या. भेद होता तो साहित्याचा. अजिंठ्याच्या कारागिरानें मातीच्या गिलाव्यावर रंग चढविले. रावेन्नाच्या कारागिरानें ओल्या चुन्यांत काचेचे व दगडाचे बारीक तुकडे एकेक करून बसविले. यालाच मोझेइक म्हणतात. आपल्या संस्कृतांत जडावाच्या फरसबंदीस कुट्टिम असा शब्द आहे. ती फरसबंदी जमिनीवरून भिंतींवर व घुमटांवर चढली आहे, अशी कल्पना करावी. सोनेरी तुकड्यांत सोन्याचा वर्ख काचेच्या दोन थरांमध्यें असतो. तुकडे मुद्दाम थोडे तिरपे बसवितात. त्यामुळें पाहणारा चालूं लागला कीं प्रकाशही भिंतीवर चालूं लागतो. काचेचा रंग विटत नाहीं, म्हणून पंधराशे वर्षांनंतरही गाला प्लासिदिया हिच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या लहानशा वास्तूंतील निळें आकाश व सोनेरी तारे ताजे दिसतात.

५४७ मध्यें संस्कार झालेलें सान विताले हें मंदिर सर्वांत प्रसिद्ध आहे. तेथें एका भिंतीवर बादशहा जस्टिनियन व समोरच्या भिंतीवर त्याची राणी थिओडोरा उभी आहे. ही राणी पूर्वाश्रमीची रंगभूमीवरील नटी होती. दोघांनींही रावेन्नांत कधीं पाऊल टाकलें नव्हतें, असें इतिहासकार मानतात; तरी चित्रानें त्यांस तेथें कायमचें उभें केलें आहे. बादशहाच्या परिवारांत ज्याच्या मस्तकावर नांव लिहिलेलें आहे असा एकच पुरुष आहे, तो धर्मगुरु माक्सिमियानुस. बादशहाच्या एका बाजूस शिपायांची रांग आहे. त्यांचीं मुखें दिसतात, एक मोठी ढाल दिसते. नांव मात्र कोणाचेंच नाहीं.

याहून विलक्षण गोष्ट सांत आपोलिनारे नुओवो या मंदिरांत आहे. हें थिओडोरिकचें राजमंदिर. तो आरियन पंथाचा होता. ख्रिस्त हा ईश्वरपित्याच्या बरोबरीचा कीं त्याहून कनिष्ठ, या प्रश्नावर त्या काळीं दोन तट पडले होते. पुढें दुसऱ्या पंथाची सत्ता आली व आग्नेल्लुस नामक धर्मगुरूनें मंदिर आपल्या पंथाकडे घेतलें. भिंतीवर थिओडोरिकच्या राजवाड्याचें चित्र आहे. त्याच्या कमानींत पूर्वी मनुष्याकृति होत्या. त्या काढून तेथें पडदे जडविण्यांत आले. परंतु खांबांवर आलेले हात काढावयाचे राहिले. आज त्या पांढऱ्या खांबांवर मनगटें व बोटें तेवढीं दिसतात. माणसें गेलीं; हात उरले.

या नगराशीं आपलें कांहीं नातें आहे काय, असें वाचक विचारतील. आहे, आणि तें फार जुनें नाहीं. १९४४ मध्यें दुसऱ्या महायुद्धाची आघाडी रावेन्नापाशीं येऊन ठेपली. गाला प्लासिदियानें बांधविलेलें सान जोव्हान्नी एव्हांजेलिस्ता हें मंदिर त्या वर्षीं बाँबहल्ल्यांत फार मोडलें. ४ डिसेंबर १९४४ रोजीं शहर जर्मनांच्या हातून मुक्त झालें. पण पश्चिमेस थोड्याच अंतरावर, याच जिल्ह्यांतून वाहणाऱ्या सेनिओ नदीवर, आघाडी चार महिने अडून बसली.

९ एप्रिल १९४५ रोजीं मराठा पलटणीचा शिपाई नामदेव जाधव यानें ती नदी ओलांडली. हा अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील निमज गांवचा. त्यानें दोघां जखमी सहकाऱ्यांस गोळीबारांतून, पाण्यांतून व सुरुंग पेरलेल्या पट्ट्यांतून एकामागून एक वाहून नेलें. नंतर तो एकटाच परत गेला. हाताला गोळी लागून बंदूक चालवितां येईना, तेव्हां ती टाकून त्यानें हातबाँब फेंकले व शत्रूचीं तीन ठाणीं बंद पाडलीं. मग बांधावर उघड्यावर उभा राहून, मराठ्यांची रणगर्जना करीत, त्यानें मागच्या तुकड्यांस पुढें बोलाविलें. त्यास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो जगला, १९८४ मध्यें त्याचें निधन झालें.

पुष्कळ जण मात्र परतले नाहींत. रावेन्नाजवळील फोर्ली येथें भारतीय सैन्याची स्मशानभूमि आहे. ज्यांचें दहन झालें, त्या सैनिकांचीं नांवें तेथील स्मारकावर कोरलेलीं आहेत. परभूमींत त्यांचीं नांवें जपलीं जातात, आणि आमच्या घरांत मुलांस जस्टिनियनचें नांव येतें पण नामदेव जाधवाचें येत नाहीं, हें आम्हांस शोभत नाहीं.

आपल्या घराण्यांत कुलवृत्तांत लिहिण्याची चाल आहे. त्यांत पदव्या व हुद्दे काळजीपूर्वक नोंदले जातात. आमची विनंती एवढीच कीं, आपल्या घरांतला, वाड्यांतला किंवा गांवांतला कोणी त्या युद्धांत गेला असेल, तर वडीलधाऱ्यांस विचारून त्याचें नांव, पलटण, वर्ष व ठिकाण घरच्या वहींत लिहून ठेवावें. ज्या पिढीनें तीं माणसें डोळ्यांनीं पाहिलीं, ती आतां थकली आहे. विचारावयाचें तें याच वर्षीं विचारावें.