बाळंतिणीच्या मनाची शुश्रूषा
प्रसूतीनंतर येणारा हळवेपणा साधारणतः दोन आठवड्यांत ओसरतो. परंतु उदासी, अपराधभाव आणि बाळाविषयीची अलिप्तता त्यापुढेही टिकून राहिली, तर त्या अवस्थेस प्रसूतिपश्चात नैराश्य म्हणतात, आणि तो उपचारांनी बरा होणारा आजार आहे. तो ओळखण्यासाठी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेली दहा प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली आजही जगभर वापरली जाते.

प्रशिक्षित आरोग्यसेविकाही हे उपचार देऊ शकतात, असे पाकिस्तानातील रावळपिंडीच्या ग्रामीण भागातील प्रयोगाने दाखवले. तेथे नैराश्यग्रस्त गर्भवतींच्या घरी जाऊन त्यांना बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे घातक विचार ओळखून त्यांच्या जागी हितकर विचार व कृती रुजवण्याची पद्धत, शिकवण्यात आली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा उपचार मिळालेल्या गटातील २३ टक्के, तर दुसऱ्या गटातील ५३ टक्के माता नैराश्यग्रस्त होत्या. पुढे या पद्धतीची चाचणी गोव्यातही स्थानिक स्त्रियांच्या साहाय्याने झाली.

भारतात ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्यविषयक दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर निःशुल्क समुपदेशन मिळते. बाळंतिणीला डिंकाच्या लाडवांइतकीच तिचे ऐकून घेणाऱ्या माणसाचीही गरज असते, आणि ती भागवणे हे प्रत्येक कुटुंबाचे कर्तव्य आहे.