गाडीत घरासारखं वाय-फाय कसं बसवायचं?

देवळाली प्रवराहून लोणी, संगमनेर, अकोले, राजूर असं करत भंडारदऱ्याला जाताना आपण प्रवरेच्या उगमाकडे जात असतो. सुरुवातीला सपाट ऊसपट्टा असतो आणि मोबाइलला रेंजही चांगली असते. राजूरच्या पुढे डोंगर जवळ येतात आणि रेंज कमी-जास्त होऊ लागते. कॅम्पर व्हॅन किंवा झोपण्याची सोय केलेला टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन दोन-चार दिवस बाहेर राहायचं असेल, तर हा फरक लगेच जाणवतो. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणल्यापासून अशा गाड्यांची चर्चाही वाढली आहे. मग गाडीत घरासारखं वाय-फाय बसवता येईल का? येईल, पण आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी.

वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे

घरी भिंतीतून फायबरची तार येते आणि राउटर ते इंटरनेट घरभर वाटतो. गाडीत ती तार नसते. तिथे इंटरनेट मोबाइल टॉवरवरून येतं आणि राउटर ते फक्त वाटतो. त्यामुळे कितीही महागडा राउटर घेतला, तरी टॉवरचा सिग्नल नसेल तर फोनवर वाय-फायच्या सगळ्या कांड्या दिसतील आणि पान मात्र उघडणार नाही. म्हणून खर्च करताना आधी बाहेरचा सिग्नल आत आणण्याचा विचार करा.

फोनचा हॉटस्पॉट पुरत नाही का?

दोघांसाठी, एका दिवसासाठी पुरतो. पण फोन घेऊन कोणी बाहेर फिरायला गेलं की सगळ्यांचं नेट जातं, शिवाय बॅटरी उतरते आणि फोन तापतो. कुटुंब मोठं असेल किंवा कोणाला गाडीतून ऑफिसचं काम करायचं असेल, तर सिम कार्ड घालता येणारा ४जी किंवा ५जी राउटर घ्या. दोन सिमची सोय असलेला मिळाला तर उत्तम. त्यात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम घाला, कारण डोंगराळ भागात एका कंपनीची रेंज जाते तिथे दुसरीची असू शकते. घरासाठी घेतलेलं एअरफायबरसारखं कनेक्शन त्या पत्त्यासाठी असतं, ते गाडीत चालेल असं धरून चालू नका.

अँटेना छतावर का?

गाडीचा पत्रा रेडिओ लहरी अडवतो. आत येणारा सिग्नल बहुतेक काचांमधूनच येतो. म्हणून बाहेरची अँटेना जोडता येईल असा राउटर निवडा आणि अँटेना छतावर बसवा. केबल मात्र लांब नको. पातळ केबलमध्ये दर मीटरला सिग्नल घटतो, त्यामुळे राउटर अँटेनाजवळ ठेवून केबल दोन-तीन मीटरमध्ये संपवावी. छताला भोक पाडलं असेल तर ते पावसाळ्याआधी नीट बंद करून घ्या.

गाडीच्या आत ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय चांगलं चालतं, कारण अंतर कमी असतं. बाहेर खुर्च्या टाकून बसायचं असेल तर २.४ गिगाहर्ट्झही सुरू ठेवा, ते जास्त लांब पोहोचतं.

वीज कुठून घ्यायची?

बहुतेक छोट्या राउटरना १२ व्होल्ट लागतात आणि गाडीची बॅटरीही १२ व्होल्टची असते. तरी थेट जोडू नका. इंजिन चालू असताना हा दाब १४ व्होल्टच्या पुढे जातो, तर स्टार्टर मारताना एकदम खाली येतो. मध्ये स्थिर १२ व्होल्ट देणारा डीसी-टू-डीसी कन्व्हर्टर बसवा आणि बॅटरीजवळ फ्यूज लावा. मोठ्या बसमध्ये २४ व्होल्ट असू शकतात, ते आधी तपासा. इन्व्हर्टर लावून २३० व्होल्ट करायचे आणि अ‍ॅडॉप्टरने पुन्हा १२ करायचे, यात वीज वाया जाते.

हिशोब सोपा आहे. राउटर १० वॅट घेत असेल तर दहा तासांत १०० वॅट-तास, म्हणजे सुमारे ८ अँपिअर-तास खर्च होतात. पंखा, दिवे आणि चार्जिंगही त्याच बॅटरीवर असेल तर सकाळी गाडी सुरू न होण्याची भीती असते. म्हणून मुक्कामासाठी वेगळी बॅटरी ठेवणंच शहाणपणाचं.

नेटवर्कचं नाव, पासवर्ड आणि डेटा

नेटवर्कच्या नावात गाडीचा नंबर किंवा आडनाव टाकू नका. राउटरचा मूळ पासवर्ड बदला आणि डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ सुरक्षा निवडा. काही राउटर हॉटेलचं वाय-फाय पकडून आपल्या नावाने पुढे वाटतात. मग मुक्काम बदलला तरी घरच्यांच्या फोनमध्ये काही बदलावं लागत नाही.

एक सापळा मात्र इथे आहे. वाय-फाय दिसलं की फोनला वाटतं डेटा भरपूर आहे, आणि तो फोटोंचा बॅकअप व अपडेट सुरू करतो. एचडी व्हिडिओला तासाला सुमारे ३ जीबी लागतात, म्हणजे रोजचे २ जीबी तासाभरातच संपतात. फोनमध्ये हे नेटवर्क ‘मीटर्ड’ म्हणून नोंदवा आणि व्हिडिओची गुणवत्ता कमी ठेवा.

बूस्टर घ्यावा का?

नको. ऑनलाइन सहज दिसणारे मोबाइल सिग्नल बूस्टर किंवा रिपीटर परवानगीशिवाय बसवणं भारतात बेकायदा आहे. ते टॉवरच्या सेवेत अडथळा आणतात आणि आसपासच्या लोकांचे कॉल तुटू शकतात. छतावरची साधी अँटेना यात मोडत नाही. ती सिग्नल पकडते, पण स्वतःची ताकद लावून त्याचं पुन्हा प्रक्षेपण करत नाही.

रेंजच नसेल तर?

कुठलाही राउटर नसलेला सिग्नल तयार करत नाही. घाटात किंवा दरीत गाडी बंद पडली तर वाय-फायवर विसंबून राहता येणार नाही. निघण्यापूर्वी त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. मुक्कामाची जागा आणि परतीची वेळ घरी सांगून ठेवा. आणीबाणीत ११२ लावा. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर आवाक्यात असेल, तर त्यावरून हा कॉल लागू शकतो. तो मात्र फोनवरून थेट करा.