वादनाचा रोजचा चढउतार
एकच वादक तेच वाद्य आणि तीच तयारी घेऊन बसला, तरी त्याचे वादन दररोज सारखे उतरत नाही, आणि याची कारणे केवळ मनःस्थितीत शोधणे अपुरे ठरते. तबल्याच्या पुडीचे, म्हणजे तोंडावर ताणलेल्या आवरणाचे, चामडे हवेतील ओलावा शोषून सैल पडते, त्यामुळे पावसाळ्यात स्वर उतरतो. पुडीच्या कडेला विणलेल्या गजऱ्यावर हातोडीचे ठोके देऊन तो पुन्हा जुळवता येतो, तरी बोटाला मिळणारी उसळी पूर्वीसारखी राहतेच असे नाही. बासरीत हवा तापली की ध्वनीचा वेग दर अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो, म्हणून थंड बासरी आरंभी किंचित उतरलेली वाजते व फुंकीच्या उबेने चढत जाते. उलट सतारीच्या धातूच्या तारा मंचावरील दिव्यांच्या उष्णतेने प्रसरण पावून उतरतात.

शरीराचे गणित याहून अवघड आहे. हात गार पडल्यास स्नायू मंदावतात आणि स्पर्श बोथट होतो, तर अपुऱ्या झोपेने अवधान विस्कळीत होते. श्रोत्यांसमोर जाताना ॲड्रेनॅलिन हे संप्रेरक, म्हणजे ग्रंथींतून रक्तात मिसळणारे रसायन, वाढते. नाडी जलद होते, बोटे थरथरतात आणि लय नकळत चढते, मात्र ताण मुळीच नसेल तर वादन, बहुधा, निर्जीव होते. सभागृहाचाही वाटा असतोच, कारण श्रोत्यांची शरीरे व कपडे ध्वनी शोषतात आणि सायंकाळी रिकाम्या दालनात जुळवलेला नाद मैफल भरल्यावर कोरडा ऐकू येतो.