लॅटिनमधलं 'मला वाटतं'

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या उत्तरपत्रिका आम्ही वर्षानुवर्षं तपासल्या. त्यांत एक वाक्य हमखास भेटायचं : 'हे माझं वैयक्तिक मत आहे.' म्हणजे काय, तर पुढे कारण विचारू नका! मत म्हटलं की जबाबदारी संपली, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. लॅटिनमध्ये मत कसं मांडतात हे पाहिलं, तर तिथे प्रकार जरा निराळा दिसतो.

आधी थोडं व्याकरण. 'तू चुकतोस' याला लॅटिनमध्ये 'एर्रास'. आता 'तू चुकतोस असं मला वाटतं' म्हणायचं, तर 'पुतो ते एर्रारे'. मराठीत 'तू चुकतोस' हे वाक्य आहे तसंच राहतं, पुढे 'असं' जोडलं की काम झालं. लॅटिनमध्ये मात्र त्याची मोडतोड होते. 'तू' हा कर्ता द्वितीयेत जातो आणि 'चुकतोस'चं नुसतं 'चुकणे' होतं. पुरुष-वचन दाखवणारं क्रियापद एकच उरतं, 'पुतो', म्हणजे 'मी मानतो'. वाक्य उभं राहतं ते मत देणाऱ्याच्या खांद्यावर.

या 'पुतो'चा मूळ अर्थ साफ करणे, वेलींची छाटणी करणे, मग हिशेब चुकता करणे. आपला कॉम्प्युटर याच कुळातला. 'केन्सेओ' हे क्रियापद अधिक भारदस्त. मोजणे, मूल्य ठरवणे हा त्याचा अर्थ, म्हणून शिरगणतीला सेन्सस म्हणतात. रोमच्या सिनेटमध्ये अध्यक्षस्थानी बसलेला अधिकारी एकेकाचं नाव घेऊन विचारी, 'तुझं मत काय?' तिथे हेच क्रियापद. मग मतविभागणी व्हायची ती चालत! ज्याचं म्हणणं पटलं त्याच्या बाजूला उठून जायचं. ज्यांची बोलण्याची पाळी सहसा येतच नसे, त्यांना 'पेदारी' म्हणत, म्हणजे पायवाले. (आपल्याकडच्या समित्यांतही असतात हो, फक्त ते जागचे हलत नाहीत.)

पण आम्हाला सगळ्यांत जवळचं वाटतं ते 'मिही विदेतुर'. 'मिही' म्हणजे 'मला', अगदी आपल्या 'मला वाटतं'सारखी चतुर्थी. आणि 'विदेतुर'मधला धातू संस्कृतातल्या 'विद्'चा सख्खा भाऊ. आपल्याकडे त्यापासून वेद आला, विद्या आली. तिकडे त्याचा अर्थ 'पाहणे', आणि कर्मणीत 'दिसणे, भासणे'. एकाच मुळातून इकडे ज्ञान निघालं, तिकडे भास!

हा भास रोमन माणसाने कुठे नेऊन ठेवला? थेट न्यायालयात. सिसेरोने इ.स.पू. ४५ मध्ये 'अ‍ॅकॅडेमिका' लिहिलं. निश्चित ज्ञान शक्य आहे का, हा त्यातला वाद. सिसेरो संशयवाद्यांच्या बाजूचा. आपल्या पक्षाला तो पूर्वजांचा दाखला देतो. वकिलाचीच बुद्धी ती! तो म्हणतो, साक्षीदाराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्टसुद्धा 'आर्बित्रोर', म्हणजे 'माझ्या समजुतीप्रमाणे', असं म्हणून सांगायची, हा वाडवडिलांनी घालून दिलेला नियम. गंमत बघा, 'आर्बितेर' म्हणजे प्रसंगी हजर असलेला साक्षी, आणि तंट्यात निवाडा करणारा पंचही.

मग साक्षीदाराला मोकळं रान होतं का? नाही. तो शपथ घ्यायचा ती आपल्या मनाच्या खऱ्या समजुतीची. आयुष्यात अज्ञान पुष्कळ, म्हणून नकळत चुकला तर दोष नाही. जाणूनबुजून फसवलं तर शपथ मोडली. म्हणजे 'मला वाटतं' म्हणताना खरंच तसं वाटत असलं पाहिजे, एवढी अट होतीच.

आणि निकाल? 'याने गुन्हा केला' असं जाहीर करायचं नाही. शपथ घेतलेल्या पंचांनी सगळं ऐकल्यावरही शब्द यायचे ते 'फेकिस्से विदेतुर', म्हणजे 'याने केलेलं दिसतं'. गंभीर खटल्यांत त्या एका 'दिसतं'वर माणसाला रोम सोडून परागंदा व्हावं लागे.