गाडीचे ऑईल : पट्टी बरी की सेन्सर?

व्यापारी माणसाची गाडी बंद पडली की त्या दिवसाचा धंदाही बंद पडतो. सेलूहून कापडाचे गठ्ठे भरून जिंतूर, मानवत, पाथरीचे बाजार करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. त्यातही इंजिनचे मोठे काम निघाले तर एका हंगामाची कमाई गॅरेजमध्ये जाते, आणि बहुतेक वेळा त्याचे कारण एकच असते : इंजिनमध्ये ऑईल किती आहे हे कोणी पाहिलेले नसते.

हे पाहण्याचे जुने साधन म्हणजे डिपस्टिक, बॉनेट उघडल्यावर हाताशी येणारी लोखंडी पट्टी. आता महागड्या गाड्यांतून, विशेषतः स्पोर्ट्स कारमधून, ही पट्टीच काढून टाकली जात आहे. पोर्शे, बीएमडब्ल्यू, ऑडी, मर्सिडीज या कंपन्यांच्या अनेक मॉडेलांत पट्टीच्या जागी इलेक्ट्रॉनिक सेन्सर आला आहे.

कोणी म्हणेल, सेलूच्या दुकानदाराला स्पोर्ट्स कारशी काय करायचे आहे? पण ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) एकाच वेळी दीडशे मर्सिडीज खरेदी झाल्याची बातमी देशभर गाजली होती. शेंद्र्याच्या कारखान्यात ऑडीच्या गाड्या जुळवल्या जातात. नव्या गाडीची किंमत आपल्या आवाक्यात नसते, पण तीच गाडी काही वर्षांनी दुसऱ्या-तिसऱ्या हाती विकायला निघते आणि तालुक्याच्या गावीही येते. घेणारा आपलाच असतो आणि दुरुस्त करणारे मिस्त्रीही आपलेच असतात. म्हणून ही माहिती असलेली बरी.

पट्टीचे काम

पट्टीवर दोन खुणा असतात, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. साध्या मोटारीत या दोन खुणांमध्ये साधारण एक लिटर ऑईलचे अंतर असते. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे, म्हणजे वर चढलेले ऑईल खाली चेंबरमध्ये उतरते. मग पट्टी काढून पुसावी, पूर्ण आत घालावी आणि पुन्हा काढून पाहावी. पुसायला धागे सुटणारी चिंधी घेऊ नये. कापडाचे व्यापारी म्हणून एवढे आम्ही खात्रीने सांगू शकतो : वापरून मऊ झालेले, घट्ट विणीचे सुती कापड यासाठी उत्तम.

पट्टी फक्त माप सांगत नाही. ऑईलचा रंग दुधासारखा झाला असेल तर त्यात पाणी मिसळत आहे. पेट्रोलचा वास आला तर इंधन उतरत आहे. बोटावर कचकच लागली तर इंजिन आतून झिजत आहे. अनुभवी मिस्त्री हे एका नजरेत ओळखतो. मात्र पट्टीत एक उणीव आहे. ती आपण होऊन बोलत नाही, मालकाने जाऊन विचारावे लागते.

सेन्सर कसा मोजतो

सेन्सर चेंबरच्या तळाशी बसवलेला असतो. एका प्रकारात तो ध्वनीच्या लहरी वर पाठवतो. त्या ऑईलच्या पृष्ठभागावर आपटून परत येतात आणि लागलेल्या वेळेवरून उंची कळते. दुसऱ्या प्रकारात एक घटक क्षणभर तापवला जातो. ऑईल जास्त असेल तर तो लवकर निवतो, कमी असेल तर उशिरा. ऑईलची उष्णताही मोजली जाते, कारण गरम ऑईल फुगते.

स्पोर्ट्स कारमध्ये याची गरज का पडली? वेगात वळण घेताना किंवा जोरात ब्रेक मारताना ऑईल एका बाजूला धावते. कॉम्प्युटर अनेक वेळा माप घेऊन त्याची सरासरी काढतो. काही स्पोर्ट्स कारमध्ये इंजिन सीटच्या मागे असे दडवलेले असते की मालकाचा हात तिथे पोहोचत नाही. पट्टीची पद्धतही अशा गाड्यांत सरळ नव्हती. १९९८ पर्यंत बनलेल्या हवेने थंड होणाऱ्या पोर्शे ९११ चे ऑईल इंजिन गरम करून, ते चालू ठेवूनच पाहावे लागे. बंद इंजिनवर पाहिले तर माप चुकीचे येई आणि लोक जास्त ऑईल ओतून बसत.

सेन्सरचा मोठा गुण असा की, ऑईल कमी झाले तर तो मालकाला स्वतः सांगतो. पण ऑईल काळे झाले की दुधाळ, हे साधा सेन्सर दाखवत नाही. आणि सेन्सरच बिघडला तर?

आम्ही पाहिलेली गोष्ट

आमचे साडू जुनी जर्मन गाडी घेऊन सेलूला आले. वाटेत ऑईलचा पिवळा दिवा लागला. एका पंपावर त्यांनी एक लिटर ऑईल ओतून घेतले. दिवा गेला नाही, म्हणून आणखी एक लिटर ओतले. सेलूला पोहोचेपर्यंत गाडीतून निळा धूर निघू लागला होता. आमच्या उस्तादांनी बॉनेट उघडले आणि म्हणाले, "शेठ, हिला पट्टीच नाही. अंदाजाने मी काही ओतणार नाही."

त्यांनी चेंबरचा नट खोलून सगळे ऑईल स्वच्छ डब्यात उतरवले आणि लिटरच्या मापाने मोजले. गाडीच्या पुस्तकात लिहिले होते त्यापेक्षा जवळजवळ दोन लिटर जास्त भरले. म्हणजे ऑईल मुळात बरोबर होते, सेन्सर खोटे बोलत होता. ऑईल प्रमाणाबाहेर झाले की फिरणारा क्रँक ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसाने बेअरिंगला वंगण मिळत नाही. आणखी शंभर किलोमीटर गाडी पळवली असती तर काय झाले असते, हा विचार न केलेला बरा.

पण दोष फक्त नव्या साधनाला देता येणार नाही. आमच्या स्वतःच्या पिकअपला चांगली पट्टी होती. तीन महिने ती कोणी काढून पाहिली नाही आणि मंठ्याच्या रस्त्यावर इंजिन जाम झाले. चूक आमचीच होती.

मग करायचे काय?

जुनी महागडी गाडी घेण्यापूर्वी बॉनेट उघडून पट्टी आहे की नाही ते पाहावे. नसेल तर स्क्रीनवर ऑईलचे माप कसे काढायचे ते विकणाऱ्याकडून करून दाखवून घ्यावे. काही गाड्या चालू इंजिनवर माप देतात, काही बंद केल्यावर. गाडीचे पुस्तक मागून घ्यावे.

पिवळा दिवा बहुधा माप कमी असल्याचा असतो. अशा वेळी सपाट जागी पुन्हा मोजावे आणि थोडे-थोडे, पुस्तकात सांगितलेलेच ऑईल घालावे. लाल दिवा ऑईलच्या दाबाचा असतो. तो लागला तर तिथेच इंजिन बंद करावे, गॅरेजपर्यंत नेऊ नये. माल वाहणाऱ्या साध्या गाड्यांत अनेकदा हा एकच दिवा असतो, आणि तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून पिकअप आणि टेम्पोवाल्यांनी आठवड्यातून एक दिवस ठरवून पट्टी काढावी.

मिस्त्री बांधवांना एवढीच विनंती : स्कॅनर शिकून घ्या, कारण अशा गाड्या वाढणारच आहेत. तोपर्यंत शंका आली तर आमच्या उस्तादांप्रमाणे ऑईल उतरवून मोजा. पट्टी नसली तरी लिटरचे माप प्रत्येक गॅरेजमध्ये आहे.