रूट कॅनालने दात ठिसूळ होत नाही

‘रूट कॅनाल केलं की नस मरते, दाढ वाळक्या काटकीसारखी होते आणि चार-पाच वर्षांत तुटतेच; त्यापेक्षा उपटून टाका.’ हा सल्ला घरोघरी छातीठोकपणे दिला जातो आणि त्यापायी वाचू शकणाऱ्या दाढा हकनाक जातात. सेजली आणि मेसर या संशोधकांनी १९९२ मध्ये हेच तपासलं. एकाच माणसाचा रूट कॅनाल केलेला दात आणि दुसऱ्या बाजूचा तोच जिवंत दात, अशा २३ जोड्या त्यांनी तपासल्या. कठीणपणात फरक निघाला तो जेमतेम साडेतीन टक्क्यांचा. तुटण्यासाठी लागणाऱ्या जोरात लक्षणीय फरक आढळलाच नाही.

मग अशा दाढा तुटतात का? तुटतात, पण दोष नस काढण्याचा नाही. १९८९ मध्ये रीह, मेसर आणि डग्लस यांनी काढलेल्या उपदाढांवर मोजमाप केलं. रूट कॅनालसाठी पाडलेल्या छिद्राने दाताचा ताठपणा सुमारे ५ टक्के घटला. दोन्ही बाजूंच्या भिंती फोडून जाणाऱ्या मोठ्या खड्ड्याने मात्र ६३ टक्के. म्हणजे दाढ पोखरते ती कीड, आणि ती उपचाराच्या कितीतरी आधीपासून. उरलेल्या पातळ भिंतींवर चावण्याचा जोर आला की उंचवटे एकमेकांपासून फाकतात. चीर मुळात उतरली की दाढ सहसा वाचत नाही. हे फाकणं दाढेवर बसवलेली कॅप रोखते.

‘कॅप म्हणजे डॉक्टरांचं बिल वाढवणं’ हा आक्षेप इथेच कोसळतो. अमेरिकेतल्या १४ लाखांहून अधिक दातांच्या विमा-नोंदींचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ वर्षांनंतर ९७ टक्के दात तोंडातच होते आणि जे काढावे लागले, त्यांतल्या ८५ टक्क्यांवर पूर्ण कॅप नव्हती. मुळात मजबूत दातांनाच कॅप बसवली जात असेल, ही शंका रास्त आहे आणि तिचा थोडा वाटा असेलही. पण तसे इतर घटक हिशेबात धरूनही अक्विलिनो आणि कॅप्लन यांना २००२ मध्ये बिनकॅपचे दात सहापट वेगाने गमावलेले आढळले. अर्थात सरसकट कॅप लागत नाही. फारसा न किडलेला पुढचा दात साध्या फिलिंगवर टिकतो. उलट हिरडीच्या वर चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर निरोगी दात उरला नसेल, तर महागडी कॅपही फार काळ साथ देत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. दुखायचं थांबलं म्हणजे उपचार संपला, असं नाही. तात्पुरतं सिमेंट झिरपतं आणि जंतू पुन्हा मुळात उतरतात. रूट कॅनाल केलेल्या दातालाही कीड लागते. नस नसल्याने ती ठणका देऊन सावध करत नाही, एवढंच. कॅपभोवतीच्या हिरडीचा आजार हाडापर्यंत गेला, तर तो दातही हलतो. आणि नुसत्या अँटिबायोटिकने मुळातला संसर्ग जात नाही, कारण मेलेल्या नसेपर्यंत रक्तच पोहोचत नाही.

म्हणून ‘हा किती वर्षं टिकेल?’ एवढंच विचारून थांबू नका. निरोगी दात किती उरला आहे, पक्कं फिलिंग कधी होणार आणि कॅप लागणार का, हे पहिल्याच भेटीत विचारा. दाताचं आयुष्य त्याच उत्तरांवर ठरतं.